जिन्याखालची मोटारसायकल

आपल्या वस्तीतल्या कोणत्याही इमारतीच्या जिन्याखाली डोकावून पाहा. मोडका पाळणा, रंगाचे रिकामे डबे, कुणाच्या तरी कपाटाची दारे आणि या सगळ्यांच्या मागे ताडपत्री पांघरून उभी असलेली एक मोटारसायकल, असा संसार तिथे सापडतोच. मालकाला विचारावे तर तो म्हणतो, "बंद पडलीय." केव्हा बंद पडली म्हणावे तर म्हणतो, "तशी बंद पडली नाही हो, नुसती उभी होती. आता चालू होत नाही." कुणी परगावी नोकरीला गेला. कुणाचा पाय मोडला. कुणाची गाडी मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा उभी राहिली ती राहिलीच. आणि काही घरांत तर गाडी चालवणारा माणूसच गेला.

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम.ला असताना आम्हांला घसारा शिकवला होता. यंत्र वापरले की झिजते, म्हणून दरवर्षी त्याची किंमत हिशेबाच्या वहीत कमी करायची. पण यंत्र वापरले नाही म्हणून घसारा थांबतो असे मात्र नाही. कारखान्याला टाळे असले तरी गंज काही रजेवर जात नाही. मोटारसायकलीचेही तेच आहे. तरीपण उभी राहिलेली गाडी म्हणजे मेलेली गाडी नव्हे. तिच्यातल्या चार-पाच वस्तू तेवढ्या नासलेल्या असतात. त्या क्रमाने पाहिल्या तर बहुतेक गाड्या थोडक्या खर्चात पुन्हा चालतात. क्रम सोडून आल्या आल्या किक मारत सुटले, तर थोडक्याचे मोठे काम होते. आजचा लेख या क्रमाविषयी आहे.

भंगाराचा भाव

आमच्या शेजारच्या इमारतीत एक वहिनी राहतात. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांचे यजमान गेले. मागे राहिली २०११ सालची हिरो होंडा स्प्लेंडर. मुलगा तेव्हा दहावीत होता. २०२४ मध्ये तो आय.टी.आय. होऊन एका कारखान्यात लागला. पहिली पाळी सकाळी सातची आणि त्या बाजूची पहिली बस सव्वासातची. आठ दिवस त्याने कुणाकुणाच्या मागे बसून वेळ गाठली. मग वहिनी आमच्याकडे आल्या.

"भावजी, भंगारवाला तीन हजार देतो म्हणतो. गॅरेजवाला साडेआठ हजार खर्च सांगतो. नवी घ्यायची तर कर्ज काढावे लागेल, आणि पोराची नोकरी अजून कायम नाही. काय करावे?"

गॅरेजवाल्याने साडेआठ हजार कशाचे सांगितले, असे आम्ही विचारले. "इंजिन खोलावे लागेल म्हणाला." गाडी त्याने पाहिली का? तर नाही, नुसती किती वर्षे उभी आहे ते ऐकून आकडा सांगितला. वाचकहो, हे लक्षात ठेवा. गाडी न पाहता सांगितलेला आकडा हा अंदाज नसतो. खर्च नेहमी कलमवार, कागदावर लिहून मागावा आणि बदललेला जुना भाग परत मागावा. प्रामाणिक मेकॅनिकला याचा राग येत नाही.

एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फिटरकाका आमच्या ओळखीचे आहेत. त्यांना विनंती केली. ते, तो मुलगा आणि हिशेबाची वही घेतलेले आम्ही असे तिघे एका रविवारी कामाला लागलो.

आधी डोळे आणि नाक

गाडी बाहेर मोकळ्यावर आणली. वहिनींनी तीन वर्षे दर आठवड्याला ती फडक्याने पुसली होती, त्यामुळे टाकी आरशासारखी लखलखत होती. मुलाने लगेच किकवर पाय ठेवला. फिटरकाका म्हणाले, "पाय खाली. आज दुपारपर्यंत किकला पाय लावायचा नाही."

पहिले काम नुसते पाहण्याचे. सीटखाली आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदीर घर करतात, वायरी कुरतडतात. सायलेन्सरच्या तोंडात मातीचे घर करणारी माशी भोक बुजवून टाकते. हवा आत जायला आणि धूर बाहेर यायला वाट मोकळी नसेल तर कितीही किक मारा, उपयोग नाही. या गाडीच्या फिल्टरच्या डब्यातून कापसाचे आणि कागदाचे बोळे निघाले.

दुसरे काम नाकाचे. टाकीचे झाकण उघडून वास घ्यावा. ताज्या पेट्रोलचा वास झोंबरा असतो. जुन्या पेट्रोलला आंबूस, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो. पेट्रोलमधला लवकर पेट घेणारा हलका भाग काही महिन्यांत उडून जातो. राहतो तो जड भाग, आणि त्याचा चिकट राळेसारखा थर कार्बोरेटरच्या बारीक भोकांत बसतो. त्यात हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसकट वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि इंजिनाला पेट्रोल जाते ते तळातूनच. म्हणून जुन्यात थोडे नवे पेट्रोल ओतून चालवून घेणे हा खोटा काटकसरीपणा आहे. सगळे काढून टाकावे.

काढताना मात्र सावध. काम मोकळ्या हवेत करावे. विडी, काडी, निरांजन, स्टोव्ह जवळ नको. लहान मुलांना लांब ठेवावे. टाकीत पाहायला टॉर्च घ्यावी. आगपेटीच्या उजेडात टाकीत पाहणारे महाभाग अजून आहेत. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची सवय तर अगदी सोडावी. एक घोट चुकून फुप्फुसात गेला तर माणूस दगावू शकतो. कुणाच्या पोटात पेट्रोल गेलेच तर उलटी करायला लावू नये, सरळ दवाखान्यात न्यावे. कॉकची नळी सुटी करून पेट्रोल पत्र्याच्या डब्यात उतरवावे आणि ते गटारात ओतू नये.

टाकी रिकामी झाल्यावर टॉर्चचा उजेड आत टाकला. बाहेरून आरसा आणि आत लाल गंज! वहिनी बघून गप्प झाल्या. फिटरकाकांनी मूठभर लहान नट मोजून आत टाकले, थोडे डिझेल ओतले आणि मुलाला टाकी हलवायला सांगितली. बावीस नट टाकले होते, बावीस मोजून बाहेर काढले. मग दोनदा ताज्या पेट्रोलने खळबळून घेतली. नळी कडक होऊन तडकली होती, ती बदलली आणि मध्ये छोटा फिल्टर बसवला.

कार्बोरेटरच्या वाटीखाली एक स्क्रू असतो. तो सैल केला की वाटीतले जुने पेट्रोल गळून जाते. कधी कधी एवढ्यावर भागते. इथे भागले नाही, जेटची भोके बुजली होती. कार्बोरेटर उघडणे हे सवयीच्या हाताचे काम आहे, ते नाक्यावरच्या मेकॅनिककडून करून घेतले. जेटमध्ये टाचणी किंवा तार खुपसू देऊ नये. भोक केसभर जरी मोठे झाले तरी गाडी कायम जादा पेट्रोल पिते.

तेल आधी, किक नंतर

तीन वर्षे उभ्या इंजिनातले तेल खाली ओघळून तळाशी बसलेले असते. वर सिलिंडरच्या भिंती कोरड्या. अशात जोराने किक मारली की पिस्टनच्या रिंगा कोरड्या भिंतीवर घासतात आणि ओरखडे पडतात. साडेआठ हजारांचे काम मग खरोखरच निघते.

म्हणून आधी प्लग काढावा. प्लगच्या भोकातून चहाचा चमचाभर स्वच्छ इंजिन ऑइल आत सोडावे आणि दोन-तीन तास तसेच राहू द्यावे. तोवर खालचे जुने तेल काढून टाकावे. ते दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजावे. शंभर सी.सी.च्या बहुतेक गाड्यांना सुमारे एक लिटर तेल लागते. नेमके माप आणि प्रत गाडीच्या पुस्तकात असते.

मग गाडी मेन स्टँडवर घेऊन शेवटच्या गिअरमध्ये टाकावी आणि मागचे चाक हाताने हळू पुढे-मागे करावे. पिस्टन सरकतो की नाही ते हाताला कळते. सरकत नसेल तर जोर करू नये. आणखी तेल सोडून रात्रभर थांबावे. तरीही हलत नसेल तर मात्र इंजिन खोलणे आले. सरकला तर चावी बंद ठेवून, प्लगच्या भोकावर फडके धरून, दहा-बारा वेळा सावकाश किक दाबावी. नवे तेल सगळीकडे पोचते.

ही झाली चार स्ट्रोकची रीत. यामाहा आरएक्स १०० किंवा जुन्या स्कूटरीसारख्या दोन स्ट्रोकच्या गाड्यांत इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलबरोबर जाणाऱ्या टू-टी तेलाचे. ते नीट पोचते का, हे जाणकाराकडून पाहून घेतल्याशिवाय अशी गाडी चालू करू नये.

करंट

बॅटरी रिकामी होऊन पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर पांढरा थर चढतो आणि मग ती चार्ज धरत नाही. बारा व्होल्टची चांगली बॅटरी पूर्ण भरल्यावर साडेबाराच्या वर दाखवते. पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरावे, नळाचे पाणी घालू नये. चार्जिंग सावकाश करावे. ट्रकच्या चार्जरवर लावली तर ही इवलीशी बॅटरी उकळून मरते. काढताना आधी ऋण टोक सोडावे, बसवताना ते शेवटी लावावे.

किकच्या पुष्कळ जुन्या गाड्या बॅटरी मेलेली असली तरी चालू होतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. त्यानंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचे तसे नाही. त्यांना कार्बोरेटर नाही, टाकीत विजेचा पंप आहे आणि बॅटरीविना तो चालत नाही. त्या गाडीत जुने पेट्रोल काढणे, नवे भरणे आणि बॅटरी चार्ज करणे एवढे घरी करावे, पुढचे जाणकारावर सोपवावे.

प्लग बदलला. नवा प्लग टोपीत खोचून त्याचा लोखंडी भाग इंजिनाला टेकवला, पेट्रोलचा डबा लांब नेला आणि किक मारली. निळी ठिणगी दिसली. ठिणगी पिवळट, मरगळलेली दिसली तर प्लगची टोपी आणि वायर पाहावी.

दुपारचे तीन वाजले. चोक ओढला, अ‍ॅक्सिलेटरला हात न लावता मुलाने किक मारली. एक, दोन, पाच, आठ. धक्का मारायला चार पोरे हजर झालीच होती, त्यांना फिटरकाकांनी हटकले. अकराव्या किकला इंजिन फुरफुरले, बाराव्याला धरले. सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला. आत सोडलेले तेल जळते त्याचा तो धूर, पाच-दहा मिनिटांत कमी होतो. वहिनी गॅलरीत उभ्या होत्या. "आवाज तोच आहे," एवढेच म्हणाल्या आणि आत गेल्या.

इथे एक सूचना. गाडी जिन्याखाली, बंद खोलीत किंवा शटर लावलेल्या गाळ्यात कधीही चालू करू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस कळायच्या आत बेशुद्ध होतो.

थांबण्याची परीक्षा

मुलगा लगेच चक्कर मारायला निघाला. फिटरकाकांनी चावी काढून खिशात टाकली. "चालू होण्याची परीक्षा झाली. थांबण्याची बाकी आहे." त्या दिवशी गाडी तशीच ठेवली, पुढचा रविवार फक्त ब्रेक आणि चाकांचा.

उभ्या गाडीचे ब्रेक शू ड्रमला धरतात, केबल आत गंजते. दाबला की सुटत नाही, नाहीतर लागतच नाही. डिस्क ब्रेक असेल तर त्याचे ऑइल ओलावा पिते, ते बदललेच पाहिजे. क्लचच्या प्लेटी चिकटतात. अशी गाडी गिअरमध्ये टाकली की क्लच दाबलेला असूनही पुढे उडी मारते. टायरच्या कडेला चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. इथे मागच्या टायरला बोट जाईल अशा भेगा होत्या. नक्षी शाबूत आहे म्हणून वहिनी तोच ठेवा म्हणत होत्या. आम्ही ऐकले नाही. चेन डिझेलने धुऊन तेल दिले. दिवे, हॉर्न, ब्रेकचा लाल दिवा पाहिला. मग पहिली फेरी मोकळ्या मैदानात, दुसऱ्या गिअरमध्ये.

हिशेब

आमच्या वहीतली नोंद अशी: इंजिन ऑइल ३९०, प्लग ११०, बॅटरी १,०५०, पेट्रोल दोन लिटर २१०, कार्बोरेटरचा स्प्रे १८०, नळी व फिल्टर ६०, कार्बोरेटरची मजुरी ३००, मागचे ब्रेक शू २२०, दोन ट्यूब ५००, मागचा टायर १,७००. एकूण रुपये ४,७२०. फिटरकाकांनी दोन रविवारांचे काही घेतले नाही, वहिनींच्या हातचे जेवण तेवढे घेतले. ४,७२० पैकी २,२०० तर टायर-ट्यूबचे, म्हणजे गाडी रोज चालत असती तरी आज ना उद्या झालेच असते.

कागद

गाडी चालू झाली म्हणजे रस्त्यावर आणता येते असे नाही. विमा २०२१ मध्येच संपला होता. तिसऱ्या पक्षाचा विमा मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा भय वेगळे आहे. विम्याविना गाडीने कुणाला इजा झाली तर भरपाई घरातून द्यावी लागते, आणि ती लाखांत असते. पी.यू.सी.ची मुदत बीएस-४ पूर्वीच्या गाड्यांना सहा महिने, बीएस-४ पासूनच्या गाड्यांना एक वर्ष असते.

पुस्तक अजून यजमानांच्याच नावे होते. हे पुष्कळ घरांत होते. मालक वारल्यास वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावे करायची असते. मुदत गेली म्हणून हक्क जात नाही, उशिराचा भुर्दंड पडतो. मृत्यूचा दाखला, गाडीचे पुस्तक, विमा, पी.यू.सी. आणि इतर वारसांची संमती लागते. दलालाला पैसे देण्याआधी खिडकीवर जाऊन यादी विचारावी. २०२१ पासून गाडीच्या पुस्तकात आपल्या हयातीतच वारस नेमता येतो. ज्यांची गाडी चालू आहे त्यांनी हे काम याच महिन्यात करून टाकावे, पुढे घरच्या बाईची वणवण वाचते.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. पुस्तकावरची तारीख पाहा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली आहे. आणि गाडी खरोखरच कामातून गेली असेल तर ती नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात द्यावी आणि नोंदणी रद्द करून घ्यावी. नुसती भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवली तर गाडी जाते, पण कागदावर मालक आपणच राहतो. उद्या ती नंबर प्लेट कुठे सापडली तर पोलीस आपल्याच दारात येतात.

उभी ठेवायचीच असेल तर

महिना-दोन महिन्यांसाठी परगावी जायचे असेल तर लोखंडी टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे आत हवा राहत नाही आणि गंज धरत नाही. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. याहून जास्त काळ ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून आतून तेलाचा हात फिरवावा. बॅटरी काढून घरात ठेवावी, महिन्यातून एकदा चार्ज करावी. मेन स्टँड लावावा. प्लॅस्टिकऐवजी जुनी सुती चादर टाकावी, प्लॅस्टिकखाली दमट साठते. घरी कुणी असेल तर आठवड्यातून एकदा वीस मिनिटे चालवावी. दोन मिनिटे घरघर करून बंद करण्याने इंजिन तापत नाही, उलट आत पाणी धरते.

वहिनींच्या मुलाची गाडी नावावर होऊन, विमा उतरून रस्त्यावर आली त्याला आता बरेच महिने झाले. पहिल्या पगारातून त्याने दोन हेल्मेट घेतली, एक स्वतःला आणि एक आईला.

ज्यांच्या जिन्याखाली अशी गाडी असेल त्यांनी या रविवारी ताडपत्री काढून आधी नुसता टाकीचा वास घ्यावा. अडले तर आम्हांला पत्र टाकावे. गाडीचे साल, किती दिवस उभी आहे आणि मागचे चाक हाताने फिरते की नाही, एवढे लिहावे. फिटरकाकांना विचारून उत्तर देऊ.